शिरोड्यांचं नाक

“प्यायचं नाही हो आप्पा, नुसता वास घ्यायचा,” किशोरराव म्हणाले आणि त्यांनी काचेचा पेला माझ्या सासऱ्यांसमोर सरकवला. “वासानं काही माणूस बाटत नाही.”

आप्पा उंच स्टुलावर बसले होते. धोतर, बंद गळ्याचा कोट, टोपी. पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून त्यांनी एक चप्पल खाली सोडून दिली होती आणि दुसरी अंगठ्यात धरून ठेवली होती. आयुष्यात त्यांनी दारूला हात लावला नव्हता, आणि आता त्यांच्यापुढे पेल्यांची रांगच मांडलेली होती. पेल्यांमागे एक तरुण मुलगी अदबीनं उभी होती. तिच्या काळ्या एप्रनवर श्रुती अशी नावाची पट्टी होती.

“माझा जावई मला म्हातारपणी बिघडवायला निघालाय,” आप्पा तिला म्हणाले.

“बिघडवायला नाही, मिरवायला,” किशोरराव म्हणाले. “अहो मॅडम, तुमच्यासमोर कोण बसलंय याची तुम्हाला कल्पना नाही. चाळीसगावचे शिरोडे आहेत हे, काळ्या मसाल्याचे. खानदेशात शेवभाजीला फोडणी पडली की समजायचं, या नाकाखालून गेलेली आहे.”

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. किशोरराव आमचे जावई, नाशिकला त्यांची औषधांची एजन्सी. त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांना गंगापूर धरणाच्या बाजूला एका द्राक्षमळ्यावर मुक्कामाला नेलं होतं. मळ्यातच वाइन करायचा कारखाना, मळ्यातच राहायच्या खोल्या, मागे चढायला टेकडी. जानेवारी संपत आला होता, द्राक्षांची तोडणी चालू होती. आम्ही पाचजण होतो. किशोरराव, माझी नणंद प्रमिलाताई, आप्पा, माझा नवरा शिरीष आणि मी. लेकीला मी माझ्या आईकडे ठेवून आले होते.

बाकीचे मजा करायला आले होते. शिरीष आणि मी एक काम घेऊन आलो होतो. आम्ही चाळीसगाव सोडून पुण्याला जाणार होतो, आणि ते आप्पांना या मुक्कामात सांगायचं होतं. घरी सांगायची शिरीषची छाती होत नव्हती. बाहेरगावी, चारचौघांत आप्पा आवाज चढवणार नाहीत, असा त्याचा हिशेब होता. पुण्याला एका कारखान्यात खरेदी खात्यात त्याला नोकरी मिळाली होती. ती त्यानं शोधली होती माझ्या तगाद्यामुळे. खरं सांगायचं तर जायचं होतं मला. मला त्या घरात राहायचं नव्हतं.

श्रुतीनं पहिला पेला कसा धरायचा, कसा गोल फिरवायचा ते दाखवलं. “आता वास घ्या. कशाची आठवण येते?”

“पेरू!” किशोरराव म्हणाले. हे त्यांना आधीच माहीत असणार.

“मला तर बाई खोकल्याच्या औषधाचा येतोय,” प्रमिलाताई म्हणाल्या.

आप्पांनी पेला नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. मी त्यांच्या शेजारच्याच स्टुलावर होते. मी माझा पेला हुंगला, खरंच पिकल्या पेरूचा वास होता, आणि मला तो आवडला.

“चांगलं आहे,” आप्पा म्हणाले.

दुसऱ्यालाही ते तसंच म्हणाले. तिसरा पेला लाल होता. मी तो नाकाजवळ नेला आणि माझं नाक आपोआप मुरडलं. आंबूस, झोंबणारा वास होता, शिळ्या ताकात कुणी रंगाचा डबा सांडावा तसला. मला यातलं काही कळत नव्हतं, म्हटलं असेल याची हीच तऱ्हा. काही बोलावं म्हणून मी मान वर केली, तर आप्पांचा पेला त्यांच्या नाकाशी होता आणि डोळे माझ्या तोंडावर.

त्यांनी पेला खाली ठेवला. “हे नासलंय,” ते म्हणाले.

“काय सांगता आप्पा!” किशोररावांनी तोवर घोट घेतलाही होता. “मस्त आहे की. जरा कडक आहे, एवढंच.”

श्रुतीनं पेला उचलून वास घेतला आणि तिचा चेहरा उतरला. ती आत जाऊन तिच्या वरिष्ठांना घेऊन आली. त्यांनी बाटली हुंगली, कान पकडले. बाटली आदल्या दिवशीची उघडी राहिलेली होती, ती चुकून आज बाहेर आली होती. ते गृहस्थ वाइन करणाऱ्यांपैकीच होते. त्यांनी आप्पांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, “काका, आमच्याकडे शिकून आलेल्या लोकांना असं पटकन कळत नाही.”

किशोररावांची छाती अशी फुगली की जणू ते नाक त्यांनीच सासऱ्याला हुंड्यात दिलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिरीषसुद्धा हसत होता. आप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी सुटलेली चप्पल पायानं चाचपडून शोधली आणि ते स्टुलावरून उतरले.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी अगदी जवळून बघितलं होतं. आप्पांनी पेला नाकाशी धरला होता खरा, पण त्यांच्या नाकपुड्या हलल्या नव्हत्या. त्यांनी श्वासच घेतला नव्हता.

दुपारी आम्ही मांडवाखाली जेवलो. मातीच्या भट्टीतला पिझ्झा आला. आप्पांनी त्याचा एक तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “ही भाकरी कोणी अर्धवट टाकून पळालं का?” सगळे हसले. त्यांनी दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला केलं. सासूबाई गेल्यापासून आप्पांचं जेवण तुटलं होतं. आम्ही सगळे म्हणायचो, सवय होती माणसाला बायकोच्या हातची, दुसरं काय.

जेवणानंतर खोलीवर आल्या आल्या मी शिरीषला धरलं. “आज सांग.”

“आज कसं सांगू? आज त्यांचा एवढा मान झालाय.”

“मान रोजच होतोय त्यांचा. तुला सांगायचं नसेल तर मी सांगते.”

“उद्या. टेकडीवरून आलो की जेवताना सांगतो. शप्पथ.” तो पलंगावर आडवा झाला. “पण वृंदा, एवढं काय वाईट आहे गं तिथे? चहा तर द्यायचा असतो.”

चहा तर द्यायचा असतो! नवऱ्यांना सगळं एवढंच दिसतं. तो चहा काय होता ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एका वेळी भाजून, कुटून निघालेल्या मसाल्याला आमच्याकडे घाणा म्हणतात. मिरची, खोबरं, कांदा, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजायचं, एकत्र कुटायचं आणि पिशव्यांत भरायच्या आधी घाणा उघडून त्याचा वास घ्यायचा. मिरच्या खुडणं, खडे निवडणं ही कामं बायकांची. वास घ्यायचा पुरुषानं. आप्पांच्या आधी त्यांचे वडील घ्यायचे. घाणा उघडायच्या वेळी भाजणीच्या खोलीत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही, अशी रीत होती. बायकांच्या अंगाला पावडरीचा, गजऱ्याचा वास असतो म्हणे, त्यानं घाणा कळत नाही. आप्पा चिमूट तळहातावर घेत, चोळत, नाकाशी नेत आणि “जाऊ द्या” नाहीतर “थांबवा” म्हणत. “थांबवा” म्हटलं की तो घाणा पुन्हा सुधारायला जाई. त्यावर अपील नव्हतं.

सासूबाई गेल्यावर दोन-चार महिन्यांनी आप्पांनी एक नवीनच टूम काढली. घाणा उघडायच्या वेळी त्यांना चहा लागायला लागला आणि तो माझ्याच हातचा. मी म्हटलं, घरकामाची सखूबाई दारापर्यंत नेऊन देईल. नाही. रीत मोडून सूनबाईनंच आत आणायचा. डोक्यात फूल नको, तोंडाला पावडर नको. मी एम.एस्सी. झालेली, लग्नाआधी कॉलेजात शिकवत होते. मी ट्रे घेऊन भाजणीच्या दारात उभी राहायची आणि आप्पा बोलावतील तेव्हा आत जायची. मी कप ठेवत असे तेव्हा ते मसाल्याचा तळहात माझ्या आणि त्यांच्या मध्ये धरून माझ्याकडे रोखून बघत. मला वाटे, कप सांडते की काय हे बघतात. कामगारांसमोर सुनेला जागा दाखवतात. मी बाहेर आले की ट्रे ओट्यावर आदळायची, इतका मला राग यायचा. पुण्याचा विचार त्या दारातच माझ्या डोक्यात आला होता.

शिरीष घोरायला लागला. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसले. समोर द्राक्षांच्या ओळींत बायका कात्रीनं घड तोडत होत्या. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आप्पांच्या न हललेल्या नाकपुड्या होत्या. मला जे वाटत होतं ते इतकं भलतंच होतं की मी ते शिरीषला उठवून सांगितलं नाही. आधी खात्री करून घ्यायची ठरवलं.

ती संधी दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. प्रमिलाताईंचे गुडघे दुखत होते, त्या खोलीवरच थांबल्या. आम्ही चौघं टेकडीला निघालो. किशोरराव गळ्यात कॅमेरा अडकवून पुढे, त्यांच्या मागे शिरीष. आप्पा काठी टेकत सावकाश चालत होते, म्हणून मी त्यांच्याबरोबर मागे राहिले. ऊन कोवळं होतं. पायवाट मळ्याच्या कडेनं जाऊन मग चढाला लागत होती.

मळा संपायच्या जागी एक उंच बांध होता. त्याच्या अलीकडेच मला पहिला भपकारा आला. रस काढून उरलेल्या द्राक्षांच्या साली आणि बिया तिथे पलीकडे टाकल्या असणार आणि त्या कुजत होत्या. पुढे गेल्यावर वास इतका वाढला की डोळ्यांत पाणी आलं. ढीग बांधाआड होता, दिसत नव्हता. मला पदर नाकाला लावायचा होता. मी लावला नाही. मी चेहरा अगदी सरळ ठेवला आणि समोर बघत चालत राहिले. वाटेत सायली फुलली असती तरी मी याहून वेगळी दिसले नसते.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखंच. मग ते थांबले, काठीवर दोन्ही हात ठेवले आणि छाती भरून श्वास घेतला.

“हवा काय स्वच्छ आहे नाही इथे!” ते म्हणाले.

बोलायला तोंड उघडलं असतं तर मला ओकारीच आली असती. तेवढ्यात वरून शिरीषची हाक आली. “आप्पा, नाक दाबून पटकन या वर! तिथे काहीतरी कुजलंय, आम्ही तर पळालोच!”

आप्पा जागच्या जागी उभे राहिले. त्यांनी वर शिरीषकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाले, “पारखलंस मला?”

“हो,” मी म्हटलं. आणि मग मात्र नाकाला पदर लावला.

चढावर थोडं वर, वास पोचत नव्हता अशा जागी, एक सपाट दगड होता. आप्पा त्याच्यावर बसले. किशोरराव आणि शिरीष टेकडीवरच्या देवळाकडे निघून गेले होते. आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. घरात मी त्यांना टोपीशिवाय फारसं पाहिलं नव्हतं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“तुझ्या सासूच्या मागून जो ताप आला मला, त्यात गेला. सर्दी आली, राहिली, गेली. जाताना वास घेऊन गेली. मला वाटलं येईल परत. आठ दिवस वाट पाहिली, महिना पाहिली. जळगावला डॉक्टरांना दाखवलं गुपचूप. ते म्हणाले, येईलही, नाहीही येणार. नाही आला.”

“आणि घाणे?”

“पहिले दोन-चार देवाच्या नावानं सोडले. हात बसलेले आहेत कामगारांचे, निभावलं.” ते थांबले. “मग एक दिवस तू चहा घेऊन आलीस. सखूबाई आली नव्हती त्या दिवशी, आणि घाणा उघडलाय हे तुला माहीत नव्हतं. मी तळहात नाकाशी धरून नुसता उभा होतो. तू कप ठेवलास आणि तोंड असं केलंस.” त्यांनी मी कसं तोंड केलं ते करून दाखवलं, आणि त्यांचं ते बोडकं डोकं आणि मुरडलेलं नाक बघून एरवी मला हसू आलं असतं. “मी म्हटलं, थांबवा. बघितलं तर दगडफूल करपलेलं. त्या दिवसापासून तुझ्याकडे बघून निकाल देतोय.”

मला खूप राग आला. इतके दिवस मला वाटत होतं की ते माझा अपमान करतात, आणि ते तर माझ्यावर जगत होते. यातलं जास्त वाईट कोणतं ते मला ठरवता येईना.

“मला सांगायचं होतं,” मी म्हटलं. “मी नाही म्हटलं असतं का?”

“सांगितलं असतं तर तुझं तोंड खरं राहिलं नसतं. तू विचार करून तोंड केलं असतंस. आता केलंस ना खाली, तसं.”

“मला तुमची मोलकरीण वाटायचं, आप्पा. कामगारांसमोर मी ट्रे धरून उभी.”

“माहीत आहे.”

“माहीत होतं तुम्हाला?”

“तोंडाकडेच बघत होतो ना रोज,” ते म्हणाले. “राग दिसायचा. पण त्याच्या खालचा वास पण दिसायचा. मी वरचं सोडून द्यायचो.”

हे इतकं सरळ सांगितलं त्यांनी की मी तिथेच त्यांना सांगून टाकलं. शिरीषला पुण्याला नोकरी लागली आहे, जूनमध्ये आम्ही जाणार आहोत, आज दुपारी तो बोलेल. मला ते सांगताना बरं वाटलं. त्यांना कुठेतरी लागावं अशीच माझी इच्छा होती.

आप्पांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली. “जा. तरुण माणसांनी जावं.”

“आणि मग?”

“मग काय. भट्टी विझवायची. दुसरं नाक कुठून आणू? शिरीषला वास कळत नाही, त्याला लहानपणापासून नुसती शिंक येते. आणि लोकांना काय सांगू? शिरोड्यांचं नाक गेलं?”

“शिरोड्यांचं नाहीच आहे ते,” मी म्हटलं. “दोन वर्षं कोतकरांचं आहे. माझ्या वडलांचं आडनाव कोतकर.”

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता चिडतील. ते काठी टेकून उठले आणि परत खाली उतरायला लागले. देवळापर्यंत आम्ही गेलोच नाही. बांधापाशी आल्यावर ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, “इथे आहे ना तो वास?” मी हो म्हटलं. त्यांनी नाकाला उपरणं लावलं आणि तेवढा पट्टा तसेच चालले.

दुपारचं जेवण त्याच मांडवाखाली होतं. किशोररावांनी स्वयंपाकघरात जाऊन खास सांगितलं होतं, त्यामुळे त्या दिवशी वांग्याचं भरीत, भाकरी आणि आमटी आली. प्रमिलाताई वाढत होत्या. शिरीषनं एक भाकरी संपवली, पाणी प्यायला, घसा खाकरला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

“आप्पा, एक सांगायचं होतं,” तो म्हणाला.

“थांब. आधी मला सांगायचंय.” आप्पांनी हात ताटातून काढून घेतला. “मला वास येत नाही. दोन वर्षं झाली. काहीच येत नाही, अगदी रॉकेलचासुद्धा नाही.”

किशोरराव इतक्या मोठ्यानं हसले की पलीकडच्या टेबलावरच्या माणसानं वळून पाहिलं.

“आप्पा, आप्पा! काल भर सभेत बाटली पकडलीत आणि आज म्हणता वास येत नाही! श्रुतीबाईंना बोलावू का?”

“आप्पांचं आपलं काहीतरीच,” प्रमिलाताई हसत म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात आमटी वाढली. शिरीषही हसायला लागला. बापानं थट्टा केली, म्हणजे बाप खुशीत आहे, म्हणजे आपलं काम सोपं झालं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं.

आप्पांनी वाद घातला नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले.

मला सगळं लख्ख कळलं. त्यांनी बोलून टाकलं होतं, आणि आता सोडून दिलं होतं माझ्यावर. मी हसले असते तर ती थट्टाच राहिली असती. शिरोड्यांचं नाक शाबूत राहिलं असतं, किशोररावांनी ती बाटलीची गोष्ट जन्मभर सांगितली असती, आणि मी जूनमध्ये पुण्याला गेले असते. आप्पांनी एक शब्द काढला नसता. माझं तोंड वाचायची त्यांना सवय होती. या वेळी मात्र त्यांना काय वाचायचं ते ठाऊक नव्हतं, आणि ते घाबरले होते. मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदाच पाहत होते. मला त्यांची कीव आली नाही. पण त्यांनी हे तोंडानं सांगितलं होतं, सगळ्यांदेखत, न मागता, आणि ते मला आवडलं.

“खरं आहे,” मी म्हटलं. “त्यांना वास येत नाही. कालची बाटली मी ओळखली. घाणेही मीच ओळखते, दोन वर्षं. मला कळत नव्हतं, एवढंच.”

आता कुणी हसलं नाही. किशोरराव एकदा माझ्याकडे आणि एकदा आप्पांकडे बघत राहिले. त्यांना बिचाऱ्यांना बाटलीचंच जास्त वाईट वाटलं असावं. शिरीषनं विचारलं, “म्हणजे तो चहा...?”

प्रमिलाताईंच्या हातात आमटीचा वाडगा तसाच होता. “म्हणजे बाईनं वास घेतला घाण्याचा?” त्या म्हणाल्या. “आपल्याकडे? आप्पा, आजोबा असते तर... आईच्या वर्षश्राद्धाच्या स्वयंपाकाला मसाला गेला तोसुद्धा?”

“तोसुद्धा,” आप्पा म्हणाले. “दर महिन्याला तुझ्या घरी नाशिकला पिशवी येते, तीसुद्धा. दोन वर्षं खातेस. तुझ्या आमटीला काही झालं का?”

प्रमिलाताईंनी वाडग्यात पाहिलं. ती आमटी मळ्यावरच्या आचाऱ्याची होती, तिच्यात आमचा मसाला नव्हताच. पण त्या तिच्याकडेच बघत राहिल्या. मग वाडगा खाली ठेवून म्हणाल्या, “नाही. काही नाही झालं.”

“झालं तर मग.”

“पण मग पुण्याचं?” शिरीषच्या तोंडून निघून गेलं.

“कुठलं पुणं?” किशोररावांनी विचारलं.

“ते मला विचारू नको,” आप्पा शिरीषला म्हणाले. “तिला विचार.” आणि स्वतःच माझ्याकडे वळले. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून ते मला सूनबाई म्हणत. “वृंदा, तुला काय करायचंय?”

असं मला त्या घरात कोणी विचारलं नव्हतं. मी पाणी प्यायले. मला वाटत होतं की मी पुण्याला जाते म्हणेन, कारण इतके महिने मी दुसरं काही म्हणत नव्हते. प्रत्यक्षात मी म्हटलं, “घाण्याचा वास मी घेणार. दारात उभं राहून नाही, आत बसून. आणि कामगारांना तुम्ही सांगायचं, आप्पा, शिरीषनं नाही.”

“सांगतो,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी भाकरी मोडली.

शिरीष जूनमध्ये पुण्याला गेला. ती नोकरी नको म्हण असं मी त्याला कुठल्या तोंडानं सांगणार? ती शोधायला मीच त्याच्या मागे लागले होते. त्याला तिथे आवडलं. अजून तिथेच आहे, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. लेक तिकडेच शिकली. आमच्यात भांडण नाही. पण ज्या पुण्यासाठी मी एवढी भांडले तिथे संसार त्याचा झाला आणि चाळीसगावात माझा. याचं मला वाईट वाटतं. शिरीष बघायचा ते बाजाराचं काम आप्पांनी आपल्या एका पुतण्याकडे दिलं.

आप्पा त्यानंतर सहा वर्षं होते. कामगारांना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, एका वाक्यात, आणि बाहेर गेले. पण घाणा उघडायच्या वेळी ते शेवटपर्यंत भाजणीच्या खोलीत येत राहिले. मी चिमूट तळहातावर घेतली की ते माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहत, आणि मी बोलेपर्यंत वळत नसत.